साडूच्या डिकीतली बॅटरी

माझे साडू जरा वाईट असते, तर माझं फार सोपं झालं असतं. दारू पीत असते, बायकोवर खेकसत असते, निदान पंगतीत आमटीला मीठ कमी म्हणून तोंड वाकडं करत असते, तरी मी सुखानं जगलो असतो. पण हा माणूस रेल्वेत आहे, होटगीला ड्यूटी करतो, घरी आला की कुंडीतल्या मिरच्यांना पाणी घालतो, आणि कुणी काही विचारलं की नुसता हसतो. ते हसणं मी गेली अकरा वर्षं सहन करतोय.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. माझ्या अंगात कौशल्य म्हणावं असं एकच, दुसऱ्याच्या अर्जातली चूक शोधणं. साडूंच्या अर्जात मला अजून काही सापडलेलं नाही. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण. सासऱ्यांना या दोनच मुली, त्यामुळं पहिली चार वर्षं मी एकुलता एक जावई होतो. सांगोल्याला गेलो की अंगणात खुर्ची, खुर्चीवर टॉवेल, टॉवेलवर मी. मग धाकटीचं लग्न झालं आणि खुर्च्या दोन झाल्या. टॉवेल एकच राहिला. तो कुठल्या खुर्चीवर पडतो ते मी दर वेळी बघतो आणि दर वेळी बघितल्याचा पश्चात्ताप करतो.

सासऱ्यांना आम्ही दोघं जावई मामा म्हणतो. ते हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहेत. सोलापुरात काही काम निघालं की त्यांचा एक शिरस्ता होता. जो जावई गाडी घेऊन न्यायला येईल, त्याच्या घरी मुक्काम. दोन मुलींत रुसवाफुगवा नको म्हणून त्यांनीच काढलेली तोड. पण झालं असं, की गाडी दर वेळी साडूंचीच जायची. माझी गाडी एकदा तिऱ्ह्याजवळ तापली होती. एकदा मंगळवेढ्यात पंक्चर झाली, आणि स्टेपनी काढली तर तीही पंक्चर. तेव्हापासून मी "येतो" म्हणालो की मामा फोनवर म्हणायचे, "पाव्हणं, तुमी कशाला तरास घेताय? धाकट्या पाव्हण्यांना सुट्टीच हाय की."

बायको यावर काही बोलायची नाही. मामा बहिणीकडे उतरले की ती डब्यात शेंगापोळ्या घालून तिकडं जायची आणि संध्याकाळी पाहुणीसारखी परत यायची. एकदा रिक्षातून उतरताना म्हणाली, "हे घर बांधून सहा वर्षं झाली. आण्णा एक रात्र इथं झोपले नाहीत." आपल्या वडलांना ती आण्णा म्हणते. एवढंच बोलली आणि डबा घासायला गेली. मी तिच्या जागी असतो तर तासभर बोललो असतो. ती एका वाक्यात आटोपते आणि ते वाक्य मग माझ्या उशाखाली राहतं.

तर, दिवाळीनंतर सांगोल्यात नात्यातल्या एका मुलीचा साखरपुडा होता. कार्यालयाच्या अंगणात दोन्ही जावयांच्या गाड्या शेजारी-शेजारी उभ्या. साडूंची गाडी त्यांच्या वडलांची, चॉकलेटी रंगाची, माझ्या गाडीपेक्षा बरीच जुनी. हा माझा त्या दिवसापर्यंतचा एकमेव दिलासा. मामांनी आहेराच्या साड्यांची पिशवी ठेवायला साडूंची डिकी उघडायला लावली. आत कोपऱ्यात एक लाकडी खोकं, त्याला झाकण. साडूंनी पिशवीला जागा करायला खोकं नीट सरकतंय का पाहिलं, झाकण उचलून आत एक नजर टाकली, आणि मामांना आतली बॅटरी दिसली. लाल रंगाची जाड वायर तिच्यापासून निघून मागच्या सीटखाली गेलेली.

मामांचा मोतीबिंदू तेव्हा पिकत आलेला, पण अगदी जवळचं अजून दिसायचं. ते वाकले. "बॅटरी? डिकीत?"

साडू हसले.

मामा सरळ झाले आणि मांडवाकडं वळले. समोर आठवी ब बसली आहे असा आवाज लावून म्हणाले, "हे बघा. मोटारीचं सगळं वजन पुढं असतंय. इंजिन पुढं, चालवणारा पुढं. मग मागची चाकं हलकी पडतात. बॅटरी मागं नेली की तोल साधतो, गाडी रस्त्याला धरून चालते. ह्याला म्हणतात डोकं!"

चार-पाच माणसं जमली. एकानं विचारलं, "तुमीच बसवली व्हय?"

"मी आणि मिस्त्रीनं मिळून," साडू म्हणाले. आणि परत हसले.

मग मामांनी माझ्या गाडीकडं मान वळवली. "पाव्हणं, तुमची बॅटरी कुटं हाय?"

"पुढं," मी म्हणालो.

"असू द्या," मामा म्हणाले.

त्या 'असू द्या'नं माझं जेवण गेलं. नापास झालेल्या पोराच्या पाठीवर हात ठेवून मास्तर म्हणतात, तसं ते होतं. बुंदीच्या लाडवाची चव मला लागली नाही. साडू पलीकडं बसून तोच लाडू इतक्या समाधानानं खात होते, की त्यांच्या पानातला वेगळा असावा अशी मला शंका आली.

साधं विचारलं असतं, "का हो, बॅटरी मागं का नेली?" तर पुढचं सगळं टळलं असतं. पण साडूंना काही विचारायचं म्हणजे त्यांना माहीत आहे आणि मला नाही हे कबूल करायचं. मी त्याऐवजी मोबाइलवर व्हिडिओ बघितले. परदेशातली माणसं, हातमोजे घातलेली, शर्यतीच्या गाड्यांच्या बॅटऱ्या डिकीत नेत होती. त्यातलं मला निम्मं कळलं. उरलेलं निम्मं मी आत्मविश्वासानं भरून काढलं.

जानेवारीत मामांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली. गुरुवारी सकाळी ऑपरेशन, पण तपासणीसाठी बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत सोलापुरात दवाखान्यात हजर राहायचं. पुढं आठ दिवस औषधाचे थेंब, म्हणजे आठ दिवस मुक्काम. बायकोनं फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी लगेच सांगोल्याला फोन लावला. "मामा, ह्या वेळी मी येणार. गाडीत सुधारणा केलीय."

"कसली?"

"बॅटरी मागं नेली."

मग मामा म्हणाले, "वा! मग या की."

बॅटरी त्या वेळी होती तिथंच, पुढं, बॉनेटखाली होती. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी गाडी मिस्त्रीकडं नेली. आमचा मिस्त्री वयस्कर, दखनी बोलणारा, कमी हसणारा.

"क्या हुआ साब?"

"काही नाही. बॅटरी डिकीत न्यायचीय."

"आगे जागा नै क्या?"

"आहे."

"पत्रा सड गया?"

"नाही हो."

"फिर कायकू?"

"तोल," मी म्हणालो.

त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, चारही चाकं बघितली, मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "किसका तोल, साब?"

पण काम त्यानं चोख केलं. गालिचा उचलून जाड वायर मागपर्यंत ओढली, डिकीत पट्ट्यांनी बॅटरी घट्ट आवळली, वर प्लॅस्टिकचं झाकण बसवलं. किल्ली देताना बोट दाखवून म्हणाला, "ये ढक्कन कब्बी निकालना नै. इसके ऊपर लोखंड पड्या तो होली हो जाती."

मी घरी आल्या आल्या झाकण काढलं. का ते सांगतो. रजा टाकून, डोकं लावून, एवढी बॅटरी मागं न्यायची आणि ती झाकून ठेवायची, तर बघणाऱ्याला दिसणार काय? काळं झाकण. झाकणाखाली काय, जेवणाचा डबाही असू शकतो. साडूंच्या खोक्याला झाकण होतं हे मला आठवत होतं, पण ते त्यांच्या विनयशील स्वभावाला धरून आहे, असं मी समजलो. मला विनय परवडणारा नव्हता.

त्या रविवारी मी डिकी उघडी टाकून गाडी तीनदा पुसली. शेजारचे गृहस्थ आले. "गॅस बसवला काय?"

"बॅटरी आहे ती. मागं नेली."

"का? पुढं चोरीला जात होती?"

समोरच्या वहिनींनी विचारलं, लाईट गेली की घरात वायर आणून यावर पंखा चालतो का. तोल हा शब्द मी त्या दिवशी इतक्या वेळा वापरला, की संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, तुमचा सांभाळा म्हणजे झालं."

तिनं मात्र तयारी मनापासून केली होती. आतल्या खोलीला जाड पडदे लावले, कारण ऑपरेशनच्या डोळ्याला उजेड नको. खाटेशेजारी स्टूल, स्टुलावर थेंबांच्या बाटल्यांसाठी ताटली, ताटलीत धुतलेला रुमाल. ती ताटली बघून मी डिकीतल्या पट्ट्या परत एकदा आवळून आलो. बुधवारी सकाळी निघताना ती म्हणाली, "सावकाश जा. आणि फोन चार्ज करून न्या."

सांगोल्यात पोचलो तेव्हा मामा तयार होऊन बसले होते. पांढरा सदरा, टोपी, हातात रिपोर्टांची पिशवी. मी म्हणालो, "मामा, आधी इकडं या," आणि हात धरून त्यांना डिकीपाशी नेलं. डिकी उघडली. बाजूला झालो. कौतुकाला जागा दिली.

मामा वाकले. आणखी वाकले. नाक जवळजवळ बॅटरीला लागलं.

"काळं-काळं कायतरी दिसतंय," ते म्हणाले.

दीड-दोन महिन्यांत मोतीबिंदू पुरा पिकला होता. ज्या एका माणसानं बघावं म्हणून मी गाडी फाडली, त्याला दिसत नव्हतं. मी त्यांचा हात धरून बॅटरीच्या कडेवरून फिरवला. ते म्हणाले, "हाय हाय. बॅटरीच हाय," आणि धोतराला हात पुसला. साडूंच्या बॅटरीला भाषण, माझ्या बॅटरीला धोतर.

तेवढ्यात सासूबाई आल्या. त्या दोन दिवसांनी एसटीनं येणार होत्या, कारण डाळिंबाची तोड चालू होती. आता, आमच्या सासुरवाडीत एक रीत आहे. लेकीच्या घराकडं जाणाऱ्या गाडीची डिकी एका दणक्यात लागली, तर सासूबाईंना ती गाडी रिकामी गेल्यासारखी वाटते. तीनदा आपटून, गुडघा लावून, मग खटका बसला पाहिजे. त्यांनी डिकीत डोकावून बघितलं.

"हे काय मधीच?"

"बॅटरी, मामी."

"मग काढा की बाजूला."

"निघत नाही ती. बसवलीय."

"जागा अडवून? कशापायी?"

"मागं वजन पाहिजे म्हणून."

"वजन पायजे व्हय?" त्यांचा चेहरा उजळला. "मग देते की!"

ज्वारीचं पोतं आलं. डाळिंबाची दोन खोकी आली. शेंगाच्या चटणीची बरणी, कडक भाकऱ्यांची चवड, हुलग्याचं पीठ. सगळं बॅटरीच्या चहूबाजूंनी बसलं. शेवटी त्या आत जाऊन भाकरीचा तवा घेऊन आल्या. जाड, लोखंडी, दोन हातांनी उचलायचा. "तिचा तवा पातळ हाय, भाकरी करपती म्हणत हुती. ह्यो न्या."

आता डिकीत सपाट अशी एकच जागा उरली होती. खोटं बोलून उपयोग नाही. तवा वर्तमानपत्रात गुंडाळून तिथं मीच ठेवला, दोन्ही हातांनी, जपून. वर थोपटला सुद्धा. मग तीनदा आपटून डिकी लावली.

मंगळवेढ्यापर्यंत गाडी अशी चालली, की मला साडूंची कीव आली. मामा शेजारी बसलेले. मी विचारलं, "मामा, कशी वाटते? रस्त्याला धरून?"

"चांगली हाय," मामा म्हणाले. "धाकट्या पाव्हण्यांचीबी अशीच चालती."

मी रेडिओ लावला.

माचणूर मागं टाकलं आणि रेडिओ मध्येच बंद पडायला लागला. खड्डा आला की गाणं बंद, खड्डा गेला की चालू. मामा म्हणाले, "ह्याला काय झालं?"

"रेंज नाही इथं," मी म्हणालो.

"रेडिओला?"

मी आवाज वाढवला. पुढं बेगमपूरच्या आसपास मामांनी नाक वर केलं. "हुरडा भाजतंय कोणतरी."

दिवस हुरड्याचेच होते. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी. मलाही वास आला, खमंग, थोडा धुरकट. मी काच खाली केली आणि मोठ्या पाहुणचारानं म्हणालो, "परत येताना थांबू, मामा. शेंगाची चटणी आहेच आपल्याकडं."

"लई जवळ भाजत्यात," मामा म्हणाले. थोड्या वेळानं परत म्हणाले, "पाव्हणं, ह्यो हुरडा आपल्यासंगंच चाललाय."

मास्तरांचं निरीक्षण होतं ते. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण मनात घड्याळ होतं, पाचच्या आत दवाखाना होता, आणि खरं सांगायचं तर या गाडीतून कसलाही वास येऊ शकतो हे मामांसमोर मान्य करायची माझी तयारी नव्हती. मी काच वर केली. कामतीच्या अलीकडं गतिरोधक आला. गाडी उडाली, आदळली, मागं काहीतरी सर्रकन चरचरलं आणि इंजिन, रेडिओ, सगळं एकदम गप्प झालं. गाडी आपल्या गतीनं घरंगळत बाभळीखाली जाऊन थांबली.

डिकीच्या फटीतून धूर येत होता. मामांना हाताला धरून लांब उभं केलं आणि किल्लीनं डिकी उघडली. वर्तमानपत्र जळून गेलं होतं. तवा बॅटरीच्या दोन्ही टोकांवर असा चिकटून बसला होता, की जन्मच तिथं झालाय. एक टोक मेणासारखं वितळलं होतं. पोत्याची तव्याकडची बाजू काळी पडून धुमसत होती. मी पाण्याची बाटली पोत्यावर ओतली, फांदीनं तवा उचकटून खाली पाडला, आणि पोतं ओढून बाहेर काढलं. ते फाटलं. ज्वारी सांडली.

मामा अंदाजानं चालत आले. खाली बसून त्यांनी हात फिरवला, मूठभर उचललं, नाकाशी नेलं आणि तोंडात टाकलं.

"लाह्या झाल्यात की," ते म्हणाले. चावत राहिले. "मीठ पायजे हुतं."

साडेतीन वाजले होते. सोलापूर अजून बऱ्याच अंतरावर. मी तव्याकडं बघितलं, पोत्याकडं बघितलं, मामांच्या हातातल्या रिपोर्टांच्या पिशवीकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा बघायचं टाळलं. ते म्हणाले, "धाकट्या पाव्हण्यांना फोन लावा." रागानं नाही. बस चुकली तर दुसरी बघू, अशा आवाजात.

मी नंबर लावला. साडूंनी पहिल्या रिंगला उचलला. मी म्हणालो, "जरा अडचण झाली. कामतीच्या अलीकडं..."

"आलो," साडू म्हणाले.

मी मामांना डाळिंबाच्या खोक्यावर बसवलं आणि मनातल्या मनात हिशेब केला. सोलापुरातून निघणार, तासभर तरी जाणार, पाच काही गाठणं नाही. दहा मिनिटांत चॉकलेटी गाडी समोर उभी राहिली.

"इतक्यात कसे आलात?" मी विचारलं.

साडूंनी टाचेनं एक खडा उडवला. "इथंच होतो. कामतीत. चहा पीत होतो."

"कामतीत? चहाला?"

"ताईंचा फोन आला होता सकाळी," ते म्हणाले. ताई म्हणजे माझी बायको. "म्हणाल्या, हे निघालेत. तुम्ही आपलं दुपारपासून वाटेत कुठंतरी असा."

मी बाभळीला हात टेकवला. माझ्या फजितीला सुद्धा माझ्या बायकोनं दुपारी जागा राखून ठेवली होती, आणि ती साडूंच्या नावावर.

साडू डिकीपाशी गेले. बराच वेळ बघत राहिले. मग बॉनेट उघडून पुढची रिकामी जागा बघितली, तिथल्या पत्र्यावर बोट फिरवलं. "दाजी, हा पत्रा तर एकदम चांगला आहे की."

"मग?"

"मग बॅटरी का काढली इथनं?"

"तुम्ही का काढली?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"माझा पत्रा सडला होता हो. बॅटरीतल्या ॲसिडनं खाल्ला. ठेवायला जागाच राहिली नाही पुढं. मिस्त्री म्हणाला, नवीन पत्रा मारायला गाडी आठ दिवस ठेवावी लागंल, तोवर डिकीत टाकू. ते टाकलं ते राहिलंच."

"आणि तोल? मामा म्हणाले तो तोल?"

साडूंनी मामांकडं बघितलं. मामा लाह्या खात होते. साडू आवाज खाली आणून म्हणाले, "मला तरी कुठं माहीत होतं? मामा एवढं छान सांगत होते. मधी कसं बोलायचं?"

म्हणजे सुधारणा नव्हतीच. सडका पत्रा होता. मी एका सडक्या पत्र्यावर जळत होतो, आणि त्यासाठी चांगला पत्रा रिकामा केला. आणि तरीही, खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात काय आलं असेल? ह्यांचा पत्रा सुद्धा किती कामाचा सडला.

साडूंनी मामांना गाडीत बसवलं. मी शेवटची धडपड केली. खिडकीशी वाकून म्हणालो, "मामा, निम्म्याहून जास्त अंतर मी आणलंय. मुक्कामाचं बघा जरा."

"निम्मा पेपर लिवला म्हणून पैला नंबर येत न्हाई, पाव्हणं," मामा म्हणाले.

मी मागं सरकलो. डोळ्यासमोर ती ताटली आली, धुतलेल्या रुमालाची. बायकोला काय सांगायचं ते शब्द मी जुळवायला लागलो आणि एकही जुळेना. तेव्हा साडू गाडी चालू करत म्हणाले, "मामा, ह्या वेळी मोठ्या ताईंकडं उतरायचं. मला तसं सांगितलंय. दवाखान्यातनं नेऊन मी तिकडंच सोडणार."

"असं?" मामा म्हणाले. "तिनं सांगितलं?"

"पडदे लावल्यात त्यांनी."

मामांनी टोपी नीट केली. "मग तिकडंच चला."

गाडी गेली. बायकोला जे पाहिजे होतं ते तिनं मिळवलं होतं. त्यात माझी गाडी लागली नव्हती, माझी बॅटरी लागली नव्हती. तिनं फक्त माझा नीट विचार केला होता.

मला एका ट्रॅक्टरवाल्यानं ओढत आणलं. स्टेअरिंग धरून मी दोरामागं बसलेलो, मांडीवर तवा. मिस्त्रीनं डिकी बघितली, तवा बघितला आणि एवढंच विचारलं, "ढक्कन?" दिवेलागणीला घरी पोचलो तर दारात चपला, आणि आतून हसण्याचा आवाज. मी पायरीवर थांबलो.

साडू बोलत होते. मी अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून सलग चार वाक्यं ऐकली नव्हती, आणि हा माणूस आज पाचवी, सहावी, सातवी म्हणत चालला होता. कुठंही घाई नाही. "मग मामा म्हणतात, हुरडा भाजतंय कोणतरी," ते म्हणाले, आणि थांबले. आत सगळे त्यांच्या पुढच्या शब्दाची वाट बघत होते. बाहेर मी पण. खिडकीतून बायको दिसली. हातात उलथनं, पदर तोंडाला, हसून हसून डोळ्यांत पाणी. मामा खाटेवर मांडी घालून, गुडघ्यावर थापा मारत. माझ्याच घरात, माझ्याच फजितीवर, माझं माणूस असं हसत होतं, आणि हसवणारे साडू. ती फजिती निदान माझी होती. तीही गेली.

मी आत गेलो आणि म्हणालो, "तसं नाही झालं. आधी रेडिओ बंद पडला."

"पाव्हणं, मधी बोलू नका," मामा म्हणाले. "त्यांना सांगू द्या."

मी तवा मोरीत ठेवला आणि भिंतीला टेकून ऐकलं. जिथं हसायचं नव्हतं तिथंही हसलो, म्हणजे कुणाला शंका नको.

ऑपरेशन छान झालं. आठ दिवस मामा आमच्याकडं राहिले. बायको दिवसातून सहा वेळा थेंब घालायची, आणि ती घालत असताना दोघं जे बारीक आवाजात बोलायची ते मी दाराआडून कधी ऐकलं नाही. चौथ्या दिवशी साडू ड्यूटीवर होते, बायको बाजारात, आणि मामा एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून बसलेले. मी खुर्ची ओढली आणि सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. माझ्या पद्धतीनं. साखरपुडा, मिस्त्री, सासूबाई, तवा, हुरडा, लाह्या, सगळं जागच्या जागी.

मामांनी शांतपणे ऐकलं. पेपर तपासून झाल्यावर मास्तर वही मिटतात तसे हात मांडीवर ठेवले.

"चांगली हाय," ते म्हणाले. "पण तुमी गोष्टीत तवा लई लौकर काढता. ते उशिरा काढतात."

त्या संध्याकाळी साडू आले. मी स्वतः चहा केला, त्यांच्या हातात दिला, म्हणालो, "मामांचा वेळ जात नाही, सांगा की परत एकदा." आणि तवा नेमका कधी निघतो, ते ऐकत बसलो.